काचेंतलें तळें आणि त्यांतील शेवाळ

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि अलीकडे थेट चाकणपर्यंत कारखान्यांच्या आश्रयानें जी नवी वस्ती उभी राहिली आहे, तिच्या दिवाणखान्यांतून एक वस्तु वारंवार दृष्टीस पडूं लागली आहे. ती म्हणजे पाण्यानें भरलेली काचेची पेटी. तींत मासे असतात हें सांगावयास नकोच. परंतु कांहीं हौशी मंडळी तेवढ्यावर न थांबतां पेटीच्या तळाशीं माती घालून जिवंत पाणवनस्पति लावतात, आणि मासे हे त्या हिरव्या बागेचे केवळ रहिवासी समजतात. आजचें भाषण या दुसऱ्या प्रकारच्या पेटीविषयीं, आणि तिच्या जुन्या वैऱ्याविषयीं, म्हणजे शेवाळाविषयीं आहे.

हा वैरी फार नियमित आहे. पहिला आठवडा पाणी आरशासारखें असतें. दुसऱ्या आठवड्यांत काचेवर तपकिरी साय धरते. तिसऱ्यांत पानांवर हिरवे केस लोंबूं लागतात, किंवा सारें पाणीच मुगाच्या कढणासारखें होतें. मग आमचे जुने विद्यार्थी, जे आतां स्वतः कुटुंबवत्सल झाले आहेत, रस्त्यांत गांठून विचारतात, "मास्तर, कोणतें औषध घालूं म्हणजे हें जाईल?" औषधाकडे आपण येऊं, पण तत्पूर्वीं हें शेवाळ येतें कां, हें मनुष्याला कसें कळत गेलें तें पाहणें अवश्य आहे. ती हकीकत अडीचशें वर्षांची आहे, आणि गंमत अशी कीं तिच्या आरंभीं शेवाळ हा वैरी नसून गुरु होता.

इंग्लंडांत जोसेफ प्रीस्टले यांनीं इ. स. १७७१ मध्यें पुदिन्याची डहाळी काचेच्या पात्राखालीं ठेविली. मेणबत्ती जळून विझल्यामुळें त्या पात्रांतील हवा निकामी झाली होती. कांहीं दिवसांनीं त्याच हवेंत मेणबत्ती पुन्हां जळली. पुढें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, विहिरीचें पाणी काचपात्रांत घालून उन्हांत ठेविलें तर आंतून एक हिरवा थर धरतो आणि त्यांतून शुद्ध वायूचे बुडबुडे निघतात. हा "हिरवा पदार्थ" वनस्पति आहे कीं आणखी कांहीं, याचा निर्णय त्यांना पुष्कळ दिवस करतां येईना. आपण ज्याला घासून काढतों तेंच हें शेवाळ. इ. स. १७७९ मध्यें यान इंगेनहाऊस या डच वैद्यानें दाखवून दिलें कीं, वनस्पतीचा केवळ हिरवा भाग, आणि तोहि केवळ प्रकाशांत, प्राणवायु सोडतो; अंधारांत ती आपल्याचसारखी प्राणवायु घेते. ही शेवटची गोष्ट पेटी बाळगणारानें विसरूं नये. पहाटे मासे पृष्ठभागीं येऊन तोंडें उघडतात त्याचें एक कारण तींतच आहे.

यानंतरचा प्रसंग लंडनचा. नॅथनिएल वॉर्ड नांवाचे डॉक्टर होते. इ. स. १८२९ मध्यें त्यांनीं एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह बाटलींत बंद करून ठेविला होता. पतंगाचें राहिलें बाजूला, आणि मातींतून नेचें व गवत उगवलें. लंडनच्या धुरकट हवेंत जीं नेचीं त्यांच्या अंगणांत मरत, तीं बंद काचेंत सुखानें वाढलीं. यांतून "वॉर्डची पेटी" निघाली. याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून यांनीं चीनमधून चहाचीं रोपें हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांत आणलीं, आणि याच पेट्यांतून सिंकोना निलगिरीवर आला. तिकडे सिसिलींत मेसिना येथें जान व्हिलप्रू-पॉवर या बाईंनीं १८३२ च्या सुमारास समुद्रांतील प्राण्यांचा अभ्यास करण्यासाठीं काचेच्या टाक्या करविल्या होत्या. या बाईंचें नांव आमच्या क्रमिक पुस्तकांतून कधीं आलें नाहीं, हें मात्र खरें.

मुख्य प्रयोग केला तो रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें. त्यांनीं सुमारें बारा गॅलनांच्या पात्रांत वाळू, चिखल व दगड घातले, दोन सोनमासे सोडले, आणि व्हॅलिस्नेरिया नांवाची, लांब फितीसारख्या पानांची पाणवनस्पति लावली. ही वनस्पति आपल्याकडील तळ्यांतहि होते. प्रथम सर्व ठीक चाललें. मग जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, काचेवर व वनस्पतीवर हिरवा बुळबुळीत थर चढला, आणि मासे जगतील कीं नाहीं अशी शंका उत्पन्न झाली. म्हणजे आपल्या तिसऱ्या आठवड्यांतील दुःख तें हेंच! वॉरिंग्टन यांनीं तेव्हां तळ्यांतील कांहीं गोगलगाई आंत सोडल्या. गोगलगाईंनीं कुजकीं पानें व बुळबुळ खाऊन पात्र निर्मळ केलें, आणि त्यांचीं अंडीं माशांना खाद्य झालीं. हा वृत्तान्त त्यांनीं १८५० सालीं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें वाचला.

वेळ मोठी अनुकूल होती. काचेवरील कर इंग्लंडांत १८४५ सालीं उठला होता, त्यामुळें काच स्वस्त झाली होती. १८५३ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि दुसऱ्याच वर्षीं फिलिप गॉस यांच्या पुस्तकानें "ॲक्वेरियम" हा शब्द घरोघर नेला. कांहीं वर्षें ती एक लाटच झाली. लाट ओसरली, परंतु वॉरिंग्टन यांचें तत्त्व मागें राहिलें: मासे कर्बाम्ल वायु देतात, वनस्पति प्राणवायु देतात, गोगलगाई मळ खातात, तिघांचें प्रमाण साधलें कीं पेटीला झांकण घालून निश्चिंत बसावें. याला "समतोल मत्स्यालय" म्हणत.

हें तत्त्व इतकें सुंदर आहे कीं तें पुरतें खरें नाहीं हें मान्य करणें जड जातें. जवळ जवळ शंभर वर्षें तें पुस्तकांतून पुस्तकांत उतरत गेलें. १९४९ सालीं जेम्स ॲट्झ या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञानें त्याला सरळ "दंतकथा" म्हटलें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: माशांना मिळणारा प्राणवायु मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागांतून येतो आणि कर्बाम्ल वायु तेथूनच बाहेर पडतो, तेव्हां पृष्ठभाग किती रुंद आणि पाणी किती हालतें याला महत्त्व आहे. उंच अरुंद बरणीपेक्षां पसरट पेटी बरी, ती यासाठीं. आपल्याकडे उन्हाळ्यांत ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी लागते. वीस अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर तीस अंशांच्या पाण्यांत सुमारें ७.५ च, आणि वैशाखांत चिंचवडच्या वरच्या मजल्यावरील टाकीचें पाणी तीस अंशांवर सहज जातें.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. पुण्याच्या नद्यांतील जलचरांकडे शास्त्रीय दृष्टीनें पाहणारा पहिला मनुष्य म्हणजे कर्नल साइक्स. मुंबई सरकारच्या नोकरींत असतांना त्यानें दख्खनच्या माशांचे नमुने गोळा केले, आणि त्यांचीं वर्णनें १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केलीं. त्यानें एक चांगलें केलें: कोळ्यांच्या तोंडचीं मराठी नांवें त्यानें लॅटिनच्या मांडीवर दत्तक दिलीं. खुद्री, कोळस, नुकटा हीं नांवें आजहि जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत थोड्या अपभ्रष्ट रूपानें नांदत आहेत. शंभर वर्षांनीं, १९४२ सालीं, फ्रेझर यांनीं पुण्याच्या माशांविषयीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत लेख लिहिले. आणि शेवाळाविषयीं म्हणाल, तर त्याच नियतकालिकांत १९४६ सालीं एला गोन्साल्विस आणि डी. बी. जोशी यांचा वांद्र्याच्या एका तलावांतील शेवाळांवरचा लेख आला. ऋतु पालटतात तशीं शेवाळांचीं कुळें एकामागून एक कशीं येतात, हा त्यांचा विषय. एका तलावाच्या काठीं वर्षभर जाऊन पाण्याचे थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें, यासारखें निरलस काम दुसरें नाहीं. शेवाळ हें एक नव्हे, अनेक आहे, आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे, हें घरच्या पेटीच्या धन्यानेंहि ओळखावें. पुढें १९५१ सालीं मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें उघडलें, आणि मराठी मुलांच्या दोन पिढ्यांनीं काचेमागचा मासा प्रथम तेथें पाहिला.

तथापि शेवाळ कशावर पोसतें, हा प्रश्न उरतोच. प्रकाश आणि पाणी तर सर्वत्र आहे. मग एक तळें निर्मळ आणि दुसरें हिरवें कां? लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८४० च्या सुमारास एक नियम लोकप्रिय केला होता: पिकाची वाढ सर्वांत कमी पडणाऱ्या अन्नद्रव्यावर अवलंबून असते. शेतकऱ्याला हें खतामुळें समजलें, पण तळ्याला लागू करून पाहण्यास बराच काळ लागला. कॅनडांत ओंटारिओ प्रांतांत १९७३ सालीं डेव्हिड शिंडलर यांनीं एका सरोवराचे पडदा घालून दोन भाग केले. एका भागांत कर्ब व नायट्रोजन घातले. दुसऱ्यांत तेच घालून वर फॉस्फरस घातला. दुसरा भाग हिरवागार झाला, पहिला स्वच्छ राहिला. त्याचें विमानांतून घेतलेलें छायाचित्र पाहिल्यावर वाद करण्यास फारशी जागा उरत नाहीं. धुण्याच्या साबणांतील फॉस्फेटावर कित्येक देशांनीं जे निर्बंध घातले, त्यांच्यामागें या छायाचित्राचा हात मोठा आहे.

पेटीवाल्यांनीं हा धडा लगेच उचलला आणि थोडा जास्तच उचलला. १९९६ सालीं सिअर्स आणि कॉन्लिन या दोघांनीं असें मांडलें कीं, लावलेल्या पेटींत नायट्रेट, पोटॅश, लोह सर्व द्यावें, पण फॉस्फेट कमी पडूं द्यावें. वनस्पति तें ओढून घेतील आणि शेवाळ उपाशी मरेल. पुष्कळांना याचा गुण आला. परंतु थोड्याच वर्षांत टॉम बार या अमेरिकन माणसानें उलट दाखविलें: त्यानें फॉस्फेटासकट सर्व अन्नें मुबलक घातलीं, आठवड्याला अर्धें पाणी बदललें, आणि तरीहि वनस्पति जोमदार असल्या तर शेवाळ आलें नाहीं. मग शिंडलर चुकला काय? माझ्या मतें दोघेहि बरोबर आहेत. सरोवरांत शेवाळाचा प्रतिस्पर्धी कोणी नव्हता. भरगच्च लावलेल्या पेटींत तो असतो. पीक दाट असलें कीं तण दबतें, ही गोष्ट मावळांतल्या कोणत्याहि भातशेतकऱ्याला सांगावी लागणार नाहीं.

हें ध्यानीं घेऊन पेटी मांडावी. खिडकीसमोर ती ठेवूं नये. उन्हाची एक तिरीप दोन तास पडली तरी पुरे होतें. दिवा रोज सहा ते आठ तास, ठराविक वेळीं लागावा. "माशांना अंधारांत कंटाळा येतो" म्हणून रात्रीं अकरापर्यंत ठेवूं नये. मातीविषयीं आमच्या भागांत एक सूचना आहे. चाकणकडील काळ्या मातींत चुनखडीचे खडे असतात. ती घातली तर पाणी जड होत जातें. मातीवर किंवा वाळूवर लिंबाचा रस पिळावा. फसफसली तर ती टाकावी. ताजें शेणखत तर मुळींच नको. तळाशीं चाळलेल्या जुन्या मातीचा एक इंच थर आणि वर दोन इंच धुतलेली जाड वाळू एवढें पुष्कळ आहे. पाणी नळाचें असेल तर त्यांतील क्लोरीनचा बंदोबस्त हवा. फोटोग्राफर वापरतात त्या हायपोचे चार कण त्याला पुरतात. बोअरिंगचें पाणी आपल्या काळ्या खडकांतून येतें, म्हणून तें बहुधा जड असतें. नाजूक वनस्पति त्यांत कुढतात, व्हॅलिस्नेरिया मात्र खुशाल वाढते.

आणि पहिल्याच दिवशीं वनस्पति दाट लावाव्या. येथेंच बहुतेक मंडळी काटकसर करतात: चार काड्या लावून बाकीची जागा "पुढें भरेल" म्हणून मोकळी सोडतात. ती भरते, पण शेवाळानें. मासे मात्र चार ते सहा आठवडे थोडेच सोडावे. माशांच्या मलांतून निघणारा अमोनिया हें विष आहे; त्याचें नायट्राइट आणि मग निरुपद्रवी नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु वाळूंत व गाळणींत वस्ती करण्यास तितका वेळ घेतात. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास हे जंतु वेगळे काढून दाखविले. यानंतर दर आठवड्यास तिसरा हिस्सा पाणी बदलावें, आणि खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेंच घालावें. शेवाळाला खत घालणारा हात बहुधा खाद्याच्या डबीवरचाच असतो.

आतां औषधांकडे. बाजारांतील कांहीं बाटल्यांत तांब्याचा क्षार, म्हणजे आपला मोरचूदच, असतो. मोरचुदानें शेवाळ मरतें हें खरें. अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील मूर आणि केलरमन यांनीं १९०४ सालीं पाण्याच्या साठ्यांसाठीं तो उपाय प्रसिद्ध केला होता. पण गोगलगाई आणि झिंगे त्याच मात्रेनें मरतात, आणि वनस्पतीहि भाजतात. शिवाय मेलेलें शेवाळ कुजून पुन्हां तेंच अन्न पाण्यांत सोडतें. त्यापेक्षां शेवाळाची जात पाहावी. नव्या पेटीवरची तपकिरी साय आपोआप जाते. ती बोटानें पुसावी, चिंता करूं नये. हिरव्या केसांना जुन्या दांत घासण्याच्या ब्रशाभोंवतीं गुंडाळून काढावें. पाणीच हिरवें झालें तर पेटी तीन-चार दिवस जाड चादरीनें झांकून, पाणी हालतें ठेवून, दिवा बंद करावा. निळसर हिरवी, दुर्गंधी, चादरीसारखी निघणारी साय येते, ती खरें पाहतां शेवाळ नव्हेच. ते जंतु आहेत. म्हणून कोणी कोणी तींत माणसांच्या औषधांच्या गोळ्या, प्रतिजैविकें, टाकतात. ही गोष्ट इतरत्र घडली तर समजूं शकतें. परंतु ज्या पिंपरीस १९५४ सालीं सरकारनें हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन केला आणि जेथून देशाला पेनिसिलीन मिळालें, तेथें तरी ती घडूं नये. त्या गोळीनें वाळूंतले उपकारी जंतूहि मरण्याचा धोका असतो, आणि पेटीचें पाणी मोरींतून नदीला मिळालें कीं औषधाला न जुमानणारे जंतु पैदा होण्यास मदत होते.

गोगलगाईंचें काम आतां झिंगे करतात. जपानांत नीगाता येथील ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनीं पाणबागांची जी नवी शैली काढली, तींत शेवाळ खाणाऱ्या एका लहानशा झिंग्याला मानाचें पान मिळालें. आमच्या बाजारांत मात्र शेवाळावर उपाय म्हणून विकला जातो तो "सकर" नांवाचा खवल्यांचा चिलखती मासा. दुकानांत तो बोटाएवढा असतो. त्याच्या कांहीं जाती दीड फुटापर्यंत वाढतात, वनस्पति उपटतात, आणि मग धनी कंटाळून एका संध्याकाळीं त्याला पिशवींत घालून पवनेच्या किंवा इंद्रायणीच्या कांठीं नेतो. जीव मारला नाहीं याचें समाधान मानून तो घरीं येतो. परंतु हा दक्षिण अमेरिकेंतला मासा भारतांतील अनेक नद्यांत व तलावांत असाच सुटून रुजला आहे, आणि त्याच्या कांटेरी अंगानें कोळ्यांचीं जाळीं फाटतात. ज्या इंद्रायणींत देहूच्या घाटाखालीं देवाचे म्हणून मासे राखण्याची जुनी वहिवाट आहे, तेथें हा पाहुणा सोडणें कोणत्याहि अर्थानें जीवदया नव्हे.

पवनेचें दुःख तर उघडें आहे. शिशिर संपतां संपतां चिंचवडच्या मोरया गोसावींच्या घाटावरून पाहिलें तर कित्येकदां पाणी दिसतच नाहीं, हिरवें कुरण दिसतें. ती जलपर्णी. तीहि दक्षिण अमेरिकेची, आणि तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहानें जगभर नेली गेलेली. बंगालनें तर १९३६ सालीं तिच्यावर खास कायदा केला होता. महापालिका ती काढते, ती पुन्हां येते. कारण सांडपाण्यांतून येणारें नायट्रोजन व फॉस्फरस तिला पोसत राहतें. शिंडलरचा पडदा येथें नाहीं इतकेंच. यंत्रें आणि नावा लावून वरची हिरवळ उचलणें म्हणजे पेटीची काच घासणें होय. मैलापाणी शुद्ध न करतां सोडणें थांबलें तरच ती उपाशी राहील.

याच कारणासाठीं पेटींतली कातरलेली हायड्रिला, पाणकोबी किंवा परदेशी वनस्पति कोणीहि नदींत, ओढ्यांत वा गणपतीच्या हौदांत टाकूं नये. एका कांडीपासून त्यांतल्या कित्येकांचें रान होतें. आणि उलट, सह्याद्रींतून उपटूनहि कांहीं आणूं नये. कासच्या पठारावरच्या पाण्यांत वायतुरा नांवाची एक पाणवनस्पति होते. तिची नोंद शास्त्रांत १९८२ सालीं झाली, आणि तिचें सारें वंशवैभव साताऱ्याकडील थोड्या डबक्यांपुरतें आहे. काचेच्या पेटींत ती आणून जगविण्याची हौस धरण्यासारखी नाहीं. नको असलेला सकर दुकानदारास परत द्यावा. घेत नसेल तर दुसऱ्या मोठ्या टाकीचा धनी शोधावा. कातरलेल्या फांद्या आणि काढलेलें शेवाळ गच्चीवर दोन दिवस कडक उन्हांत वाळवावें, आणि मग कुंड्यांच्या मातींत मिसळावें. फॉस्फरस आणि नायट्रोजन त्यांत आहेतच. गुलाबाला तें चांगलें मानवतें.